पोर्टफोलिओचा विषय निवडताना: दुःखाचे प्रदर्शन नको, प्रश्नाची मांडणी हवी

प्रवेश परीक्षांचे दिवस जवळ आले की आमच्या वस्त्यांमधील चित्रकलेची मुलेमुली एकच प्रश्न घेऊन येतात, "थीम काय घेऊ?" कोणाला कला महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचे असते, कोणाला डिझाइनच्या संस्थेत मुलाखत द्यायची असते. हात चांगला असतो, रेषेवर पकड असते, वर्षभराचे कामही असते. अडते ते थीमपाशी. पंधरा-वीस चित्रे एका धाग्यात बांधून "हे माझे काम आणि हा माझा विचार" असे परीक्षकांपुढे ठेवायचे असते, आणि तिथे आमची मुले गोंधळतात.

हा गोंधळ कलेपुरता आहे असे आम्हाला वाटत नाही. आपल्या आयुष्यातले काय चित्राच्या लायकीचे आहे, हे आजवर कोणी ठरवले, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. म्हणून आंबेडकरी तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनीही या विषयाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. पोर्टफोलिओ ही केवळ प्रवेशाची फाइल नाही. आपल्या समाजातील एक विद्यार्थी पहिल्यांदाच प्रस्थापितांच्या टेबलावर स्वतःचे म्हणणे मांडत असतो.

आपल्याकडे मुलांचे चित्रकलेचे शिक्षण सुरू होते ते बहुधा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांनी. त्यात स्मरणचित्र नावाचा एक प्रकार असतो. पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. मुले सराव कशाचा करतात? जत्रा, भाजीबाजार, गणपतीची मिरवणूक, बसस्टॉप. चौदा एप्रिलची मिरवणूक, सहा डिसेंबरची चैत्यभूमीची रांग, दीक्षाभूमीवर डोक्यावर गाठोडे घेऊन चालत आलेली आजी, ही आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाची खरी स्मरणचित्रे आहेत. पण परीक्षेच्या सरावात ती क्वचितच येतात. कोणी मनाई केलेली नसते. मुलालाच वाटत असते की हे "चित्राचे विषय" नाहीत. दहा-बारा वर्षे असा हात तयार झाल्यावर अचानक त्याला विचारले जाते, तुझी स्वतःची थीम कोणती? तो काय सांगणार?

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. म्हणजे या देशातील आधुनिक कलाशिक्षणाच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक काम बुद्धाच्या लेण्यांत झाले आहे. तरीही त्या बुद्धाशी नाते सांगणारा मुलगा कलाशाळेच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला स्वतःजवळ काही "विषय" आहे असे वाटत नाही. हे आपोआप घडलेले नाही.

आता दोन बाजूंनी येणारा दबाव पाहू. पहिली बाजू प्रस्थापितांची. तिथेही दोन आवाज आहेत. एक म्हणतो, "जातीच्या बाहेर या, काहीतरी वैश्विक करा." गावातल्या वाड्याची चौकट, आजीची नऊवारी, तुळशीवृंदावन हे वैश्विक, आणि वस्तीतला सार्वजनिक नळ मात्र जातीय! दुसरा आवाज वरवर सहानुभूतीचा असतो. "तुमच्याकडे किती जबरदस्त अनुभव आहेत, ते आणा ना." म्हणजे जखम दाखवा, गटार दाखवा, अश्रू दाखवा. पहिला आवाज आमचे तोंड बंद करतो आणि दुसरा आम्हाला एकच वाक्य बोलू देतो.

दुसरी बाजू आपली स्वतःची आहे, आणि तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. चळवळीतले वडीलधारे मुलाला सांगतात, "चळवळीला उपयोगी पडेल असे काढ." त्याचा अर्थ बहुतेक वेळा बाबासाहेबांचे पोर्ट्रेट, तुटलेली साखळी, उगवता निळा सूर्य, हातात पेन असा होतो. मिरवणुकीच्या बॅनरला हे ठीक आहे, आणि बॅनर रंगवणारे हात आम्हाला पूज्य आहेत. पण पंधरा चित्रांच्या पोर्टफोलिओत ही चिन्हे एकामागून एक आली, तर पाहणाऱ्याला काढणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. चिन्ह सगळ्यांचे असते. त्या चिन्हापर्यंत हा मुलगा कोणत्या रस्त्याने आला, ते त्याच्या चित्रांत दिसायला हवे.

इथे विषय आणि थीम यांतला फरक समजून घ्यावा लागतो, आणि तो समजायला बाबासाहेबांच्याच विद्यार्थीदशेकडे पाहणे उपयोगाचे आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी एम.ए.साठी प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. आणि लंडनमधले त्यांचे मोठे काम, १९२३ साली पुस्तकरूपाने आलेले, रुपयावर आहे. ज्याने अस्पृश्यता अंगावर सोसली, त्याने व्यापार घेतला, जात घेतली, रुपयाही घेतला. "तू अमुक समाजातला, म्हणून तुझा विषय अमुक" हे त्यांनी मानले नाही. मग आमच्या पोरीला पत्र्यावर पडणारा पाऊस काढायचा असेल, तर "यात आंबेडकरवाद कुठे आहे?" असे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. आंब्याचे झाड मोकळ्या मनाने काढता येणे हीसुद्धा मिळवलेली मोकळीक आहे.

पण आणखी एक गोष्ट पाहा. त्या पुस्तकाचे नाव नुसते "रुपया" नाही, "रुपयाचा प्रश्न" आहे. रुपया हा विषय झाला. रुपयाचे मूल्य कशाने अस्थिर होते आणि त्याची झळ कोणाला बसते, ही तपासणी झाली. चित्रातही तेच. "पाऊस" हा विषय आहे. पत्र्याच्या घरात पाऊस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, तर ऐकू येणारा पाऊस काढायचा कसा, ही थीम आहे. "जात" हा विषय आहे, आणि तो इतका मोठा आहे की त्यावर पंधरा चित्रे काढणारा घोषणांतच अडकतो. थीम म्हणजे वर्षभर काम करून ज्याचे उत्तर शोधता येईल असा प्रश्न. उत्तर आधीच ठाऊक असेल, तर चित्रे त्या उत्तराची सजावट होतात.

दलित आत्मकथनांनी हे फार पूर्वी करून दाखवले आहे. दया पवारांनी १९७८ साली पुस्तकाला नाव दिले "बलुतं". एकच शब्द, पण त्यात गावगाड्याची सगळी वाटणी येते. उर्मिला पवारांनी २००३ साली नाव दिले "आयदान". आई बांबूच्या टोपल्या-सुपे विणायची, ती वस्तू आणि ते विणकाम लेखनाचा धागा झाले. दोघांनीही "दलितांचे दुःख" असे मोठे नाव घेतले नाही. घरातल्या, गावातल्या एका शब्दाला, एका वस्तूला धरले आणि त्यातून व्यवस्था उलगडली. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने थीम शोधताना हीच वाट धरावी असे आम्ही सांगतो. घरात जा. रोज हाताळली जाणारी एखादी वस्तू, काम, जागा किंवा वेळ शोध. मग तिला प्रश्न विचार.

आम्ही काही कार्यकर्ते रविवारी विहारात या मुलांबरोबर बसतो. त्यातले एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण थीम कशी वाढते ते त्यात नीट दिसते.

एक मुलगा चार चित्रे घेऊन आला. गटारात उतरलेला कामगार, जळालेली झोपडी, डोळ्यातून ओघळणारा अश्रू, तुटलेली बेडी. चारकोलचे काम उत्तम होते. आम्ही विचारले, "हे तू पाहिलंस का?" म्हणाला, "नाही, गुगलवरून घेतलं. ज्युरीला असलं आवडतं म्हणतात." घरी कोण काय करते असे विचारल्यावर म्हणाला, "बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यात काय काढणार?"

त्यात बरेच होते. वडिलांनी कित्येक वर्षे मुक्कामाची गाडी केली होती. संध्याकाळी तालुक्याहून निघायचे, शेवटच्या गावात रात्री गाडी थांबवायची, गाडीतच झोपायचे आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परतायचे. मुलाने वडिलांना नुसते विचारले, "बाबा, मुक्कामाला जेवायचा कुठे?" पहिल्या दिवशी उत्तर मिळाले नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हळूहळू बोलणे निघाले. गावात कोणीतरी ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला बोलवायचे. ओट्यावर बसल्यावर गप्पांत प्रश्न यायचा, "कंडक्टरसाहेब, आडनाव काय तुमचं?" काही गावांत पुढे काहीच व्हायचे नाही. काही गावांत पुढच्या खेपेला बोलावणे फक्त ड्रायव्हरला यायचे. मग वडील म्हणू लागले, "मला भूक नाही, तुम्ही जाऊन या." गाडीत बसून डब्यातली भाकरी खायचे. पाण्याचा पाच लिटरचा कॅन ते घरूनच भरून न्यायचे. घरातल्यांना वाटायचे, बाबांना बाहेरचे पाणी सोसत नाही.

थीम सापडली ती त्या कॅनमध्ये. मुलाने आधी नाव ठेवले "जातीचे पाणी". आम्ही म्हटले, हे नाव पाहणाऱ्याला सगळे आधीच सांगून टाकते. शेवटी नाव राहिले "मुक्काम". मग खरे काम सुरू झाले. तो डेपोत जाऊन बसला, उभ्या गाड्यांची आतून रेखाटने केली. सीटची उंची, दांड्यांमधले अंतर, रात्री एका दिव्यात आडव्या पडलेल्या सावल्या, चाळीसेक स्केचेस झाली. वडिलांची जुनी तिकिटांची पेटी, पंच आणि वेबिलाचे काही कागद घरात होते. वेबिलाचे रकाने त्याला आवडले. त्याने स्वतःचे वेबिल आखले. त्यात रकाने तीन: गाव, रात्र, पाणी कोठून. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच नोंद, "घरून".

माध्यमाचा प्रश्न आला. रंगीत चित्रे करायची की छापचित्रे? त्याने लिनोकट घेतले. स्वस्त पडते हे एक कारण. दुसरे कारण कामातून निघाले. लिनोकटमध्ये जो भाग कोरून काढला जातो, तो कागदावर कोरा राहतो. रात्रीच्या काळ्या गाडीत तो कॅन त्याने कधी शाईने छापला नाही, प्रत्येक चित्रात कोरा सोडला. माध्यम थीममधून यावे असे शिक्षक सांगतात, त्याचा अर्थ मुलाला तिथे कळला. चित्रे अठरा झाली होती. त्यातली गावाची, ओट्याची, पंगतीची तीन काढून टाकली, कारण कॅन जे सांगत होता तेच ती मोठ्या आवाजात सांगत होती. पोर्टफोलिओ वाढवताना भर घालण्याइतकेच वजा करणेही महत्त्वाचे असते.

सगळ्यात कठीण गोष्ट चित्रकलेची नव्हती. वडील म्हणाले, "जे मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नाही, ते तू भिंतीवर लावणार?" यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एक मत होते की अन्याय लपवू नये. दुसरे मत होते की अपमान ज्याने सोसला, त्याच्याच हाती त्याचा हक्क आहे. आम्ही दुसऱ्या मताच्या बाजूने आहोत. आजवर आमच्या माणसांना न विचारता मॉडेल म्हणून बसवले गेले, त्यांचे फोटो काढले गेले, त्यांच्या दारिद्र्यावर इतरांनी नाव कमावले. आमच्या मुलांनी स्वतःच्या बापाशी तेच करू नये. ठरले असे: वडिलांचा चेहरा कुठेही येणार नाही, गावाचे नाव येणार नाही आणि प्रत्येक छाप आधी वडील पाहतील. त्यांनी एक चित्र बाजूला काढले. का, ते सांगितले नाही. मुलाने विचारले नाही आणि ते चित्र पोर्टफोलिओत ठेवले नाही. चौदा चित्रे राहिली.

एका संस्थेच्या मुलाखतीत त्याला म्हटले गेले, "ही तर छान ट्रॅव्हल थीम आहे, यात जात कशाला आणायची?" त्याने वेबिलाचा कागद पुढे केला आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे प्रवेश मिळाला नाही. दुसरीकडे मिळाला. पण पहिल्या ठिकाणीही तो गप्प बसला नव्हता, कारण प्रत्येक रेघ का आहे ते त्याला ठाऊक होते. गुगलवरच्या गटाराबद्दल त्याला असे दोन मिनिटेही बोलता आले नसते.

काही जण विचारतील, मग रागाचे काय? राग ही आपली ताकद आहे, तो सोडायचा का? मुळीच नाही. पण राग आला एवढ्याने थीम होत नाही, रागाचा तपास करावा लागतो. २०१२ साली एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू असे ते चित्र. आपल्यातल्या अनेकांनी निषेध केला, आणि तो योग्यच होता. उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकाराने पुढचे काम केले. १९३२ ते १९५६ या काळातील वृत्तपत्रांतून बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून काढली, त्यांचा संदर्भ लावला आणि २०१९ मध्ये ते पुस्तक झाले. एका चित्राने दुखावलेले मन म्हणू शकते, "हे चित्र काढून टाका." शंभर चित्रे एकत्र ठेवली की त्या काळची वृत्तपत्रे बाबासाहेबांकडे कोणत्या नजरेने पाहत होती तेच उघडे पडते. विद्यार्थ्याने आपला राग असा कामाला लावावा.

आपल्या चळवळीने अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले, १९७२ साली दलित पँथर हे नावच तिथून प्रेरणा घेऊन आले. त्यांच्या चित्रकारांकडून कामाची पद्धतही घ्यायला हवी. जेकब लॉरेन्स या काळ्या चित्रकाराने १९४०-४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, साठ चित्रांची एक मालिका केली. विषय होता दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांत झालेले काळ्यांचे स्थलांतर. त्याचे आईवडील त्याच स्थलांतरातले. पण घरातल्या आठवणींवर तो थांबला नाही. हार्लेममधल्या ग्रंथालयात बसून वाचले, आधी प्रत्येक चित्राखालची ओळ लिहिली आणि मग चित्रे केली. साठही फलक एकत्र मांडून एक रंग सगळ्यांवर लावायचा, मग दुसरा. म्हणून साठ चित्रे एका माणसाच्या एका श्वासात बोलतात. आज त्यातली निम्मी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि निम्मी वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत. घरातली आठवण, ग्रंथालयातला अभ्यास आणि कामाची शिस्त या तिन्ही गोष्टी आमच्या मुलांना परवडणाऱ्या आहेत.

आपल्याकडेही वाट दाखवणारे आहेत. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असलेली माणसे कॅनव्हासवर आणि छापचित्रांत आणली. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली, ती एका भेटीत काढून होणारी नव्हेत. कोणत्याही आंबेडकरी विद्यार्थ्याने ही कामे पाहिल्याशिवाय "आमच्याकडे परंपरा नाही" असे म्हणू नये.

राहिला बाबासाहेबांच्या चित्राचा प्रश्न. एक मुलगी म्हणाली, "मला दुसरं काही नको, मला बाबासाहेबच काढायचेत." जरूर काढावेत. आम्ही तिला एवढेच विचारले, तुझ्या वस्तीतला पुतळा रात्री कोण राखतो? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्यांवर झालेल्या गोळीबारात दहा जण गेले. तेव्हापासून पुतळ्याजवळ जागे राहणे कित्येक वस्त्यांना नवे नाही. तामिळनाडूत तर अनेक ठिकाणी बाबासाहेबांचे पुतळे लोखंडी जाळीत आहेत. जाळी कोणाच्या रक्षणासाठी आणि कोणाच्या भीतीने? ती मुलगी आता पुतळा काढत नाही, पुतळ्याभोवतीची माणसे काढते: फुले विकणारी बाई, पायरीवर अभ्यास करणारा मुलगा, रात्रीचा पोलीस. बाबासाहेब प्रत्येक चित्रात आहेत.

परीक्षक "हे बदला, ते काढा" म्हणतील. तांत्रिक सूचना ऐकाव्यात, त्यातून काम सुधारते. पण गाभ्यावर हात पडला तर १९३६ आठवावे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाला अध्यक्षीय भाषणातला काही मजकूर नको होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि ते भाषण त्यांनी स्वतः छापले. पहिल्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ गेले, मजकूर राहिला.

शेवटी कार्यकर्त्यांना एक सांगणे. आपण जयंतीला डीजे आणि फ्लेक्सवर जो खर्च करतो, त्यातल्या थोड्या पैशांत एका मुलाचे वर्षभराचे कागद, लिनो आणि शाई येते. विहाराची एक खोली आठवड्यातून एक दिवस या मुलांना द्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याशी बोलायला बसवा. जुने फोटो, हँडबिले, पावत्या, वेबिले रद्दीत घालू नका, विहारात एका पेटीत ठेवा. पुढच्या वर्षी एखादा मुलगा "थीम काय घेऊ?" असे विचारत आला, की ती पेटी त्याच्यापुढे उघडा आणि काय काढ ते सांगू नका.

जय भीम!